लेकराचे सोंग नव्हे, शाळेचे अज्ञान

वर्गात एक लेकरू सारखे डोळे मिचकावते. मानेला झटका देते. फळ्यावर गणित चालू असताना मध्येच घशातून आवाज काढते. गुरुजी एकदा बघतात, दोनदा बघतात आणि तिसऱ्यांदा खडूचा तुकडा भिरकावतात. "माकडचाळे बंद कर!" वर्ग खिदळतो. लेकरू मान खाली घालून सगळा जीव एकवटते, अंग दाबून धरते आणि दोन मिनिटांनी पुन्हा तोच झटका. मग कान पिळणे, बाकावर उभे करणे, वर्गाबाहेर काढणे. शेवटी बापाला बोलावणे. बापही रोजगार बुडवून आलेला असतो, म्हणून तो सगळ्यांदेखत आणखी दोन ठेवून देतो. या प्रकाराला आमच्याकडे शिस्त लावणे म्हणतात!

धिक्कार असो अशा शिस्तीचा. त्या लेकराला टूरेट सिंड्रोम असू शकतो. हा मज्जासंस्थेचा विकार आहे. त्यात अंगाला आचके बसतात, तोंडातून आवाज निघतात आणि ते थांबवणे त्या लेकराच्या हातात नसते. शिंक आल्याबद्दल तुम्ही पोराला छडी मारता काय? शिंक येण्याआधी नाकात जशी हुळहुळ होते, तशी आचका येण्याआधी या मुलाच्या अंगात एक असह्य खेच उठते आणि आचका देऊन झाला की क्षणभर सुटल्यासारखे वाटते. थोडा वेळ ते दाबून धरता येते, कायमचे नाही. आणि या 'थोडा वेळ दाबून धरता येते' नेच घात केला आहे. कारण गुरुजी लगेच म्हणतात, "बघा, मी डोळे वटारले की थांबतो. म्हणजे मुद्दामच करतो!"

आमच्या परभणी जिल्ह्यातल्या देवगाव फाट्यावर मंठा-जालन्याची, जिंतूरची आणि सेलूची अशा वाटा मिळतात. आसपासच्या खेड्यांतली पोरे सकाळी इथे दप्तरे पाठीला लावून एसटीची किंवा काळीपिवळीची वाट बघत उभी असतात. त्यांच्यातही अशी लेकरे असणारच: जगभरचे अंदाज असे सांगतात की हजार शाळकरी मुलांमागे साधारण तीन ते नऊ जणांना टूरेट असतो. म्हणजे पाचशे पटाच्या शाळेत अशी दोन ते चार लेकरे असायची. अंगाचे छोटे-मोठे आचके काही काळापुरते येऊन जाणाऱ्या मुलांची संख्या तर याहून कितीतरी मोठी, शाळकरी मुलांत पाचातल्या एकापर्यंत. तेव्हा 'आमच्या शाळेत असलं काही नाही' असे जो मुख्याध्यापक सांगेल, त्याने आपल्या शाळेची 'वांड' पोरांची यादी काढावी. ती लेकरे त्या यादीत सापडतील, नाहीतर शाळा सोडल्याच्या दाखल्यांच्या फाईलीत.

हे नवे खूळ आहे, शहरातल्या डॉक्टरांचे फॅड आहे, असेही कोणी म्हणेल. पण 1825 सालीच इतार नावाच्या फ्रेंच डॉक्टराने एका सरदारघराण्यातल्या स्त्रीची हकीकत लिहून ठेवली; लहानपणापासून आचके आणि तोंडून नकळत सुटणारे शब्द यांमुळे तिचे आयुष्य माणसांपासून लांब गेले. 1885 मध्ये, म्हणजे पुण्यात फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले त्याच वर्षी, पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातल्या जॉर्ज जील द ला टूरेट या तरुण डॉक्टराने अशा नऊ रुग्णांची माहिती छापली. विकाराला नाव त्याचेच मिळाले. पुढे किती तरी दशके खुद्द डॉक्टरमंडळींनीच गोंधळ घातला. हा मनाचा दोष, दडपलेल्या भावनांचा उद्रेक, आईच्या संगोपनातली खोट, असे सांगून त्यांनी आयांना रडवले. 1960 च्या दशकात हॅलोपेरिडॉल या औषधाने आचके कमी होतात असे दिसले आणि न्यूयॉर्कच्या आर्थर व इलेन शपिरो या दांपत्याने हा मेंदूचा विकार आहे हे ठासून मांडले. 1972 मध्ये तिथल्या आईबापांनी स्वतःची संघटना उभारली. आज हे पक्के झाले आहे की मेंदूच्या खोल भागातली, हालचालींना लगाम घालणारी यंत्रणा इथे वेगळी चालते, डोपामिन या रसायनाचा तिच्याशी संबंध आहे आणि घराण्यातून हा विकार उतरण्याचा मोठा संभव असतो. बुद्धीला काही झालेले नसते. आईने लाडावून ठेवलेले नसते. मोबाईल बघून लागलेली ही खोडही नसते. ज्ञान इतके पुढे गेले आणि आमची शाळा मात्र अजून छडीपाशी उभी आहे!

लोकांना या विकाराचे एकच रूप ऐकून माहीत असते: माणूस भर रस्त्यात शिव्या देतो. वास्तविक अशा नकळत शिव्या सुटणारे रुग्ण दहात एखाद-दुसरा. बाकीच्यांचे आचके इतके साधे असतात की ते कोणाला आजार वाटतच नाहीत. डोळे मिचकावले की चष्म्याच्या दुकानात नेतात. सारखे नाक ओढले की सर्दीचे औषध, घसा खाकरला की खोकल्याची बाटली. खांदा उडाला की 'दप्तर जड झालं असेल'. वर्ष-दोन वर्षे अशी जातात. आचकेही एक जागा धरून राहत नाहीत. आज डोळ्यांत, महिन्याने मानेत, पुढे आवाजात. कधी पंधरा दिवस अगदी गायब होतात आणि परीक्षा, गॅदरिंग, घरातले भांडण किंवा जागरण आले की उसळून वर येतात. म्हणून घरचे शाळेला आणि शाळा घरच्यांना खोटे ठरवते. शाळेत दिवसभर दाबून धरलेले सगळे घरी आल्यावर फुटते, तेव्हा आई म्हणते, "शाळेत बरा असतो, घरी आला की नाटकं सुरू." जे पोर सहा तास स्वतःच्या मानेशी झुंजत बसले, त्याला त्रिकोणाच्या कोनांची बेरीज कशी कळावी? त्याचे सारे लक्ष त्या झुंजीत खर्च होते. पुन्हा टूरेटच्या बहुतेक मुलांना अतिचंचलता किंवा तेच ते करत राहण्याची ओढ, अशी आणखी काही अडचण सोबतीला असते. एकच ओळ खोडून पुन्हा पुन्हा लिहिणाऱ्या मुलाला 'गबाळा' म्हणून मोकळे होणे फार सोपे आहे.

आणि बघा, नेमके कधी होते हे! आचके साधारण पाच ते सात वर्षांच्या वयात सुरू होतात, दहा ते बारा या वयात सर्वांत तीव्र होतात आणि पुढे कित्येक मुलांत अठराच्या आसपास बरेच ओसरतात. दहा ते बारा म्हणजे पाचवी ते सातवी. गावातली चौथीपर्यंतची शाळा, जिथे गुरुजी त्याला अंगणवाडीपासून ओळखत होते, ती सुटते. नवी शाळा, नवे सर, साठ नवी पोरे, नवी टोपणनावे. शरीराचा सर्वांत अवघड काळ आणि शाळेची सर्वांत परकी वर्षे एकत्र येतात. तेवढी दोन-तीन वर्षे त्याला सांभाळून घेतले तर बरीच वाट आपोआप सोपी होते. नेमकी तीच वर्षे आपण त्याला ठोकण्यात घालवतो. आचके ओसरतात, पण 'मी वाया गेलेला आहे' ही शाळेने शिकवलेली एकच गोष्ट जन्मभर पाठ राहते.

मुलग्यांत हा विकार मुलींपेक्षा तीन-चार पट अधिक दिसतो. पण ज्या मुलीला तो होतो तिची दैना विचारू नका. डोळा लवला की 'पोरीची नजर बरी नाही'. आवाज निघाला की 'वळण नाही'. तिला डॉक्टरकडे नेले तर गावात कळेल, सोयरीक जुळणार नाही, म्हणून नेतच नाहीत. तिची शाळा बंद होते आणि तिचे सारे दुखणे घराच्या चार भिंतींत जिरवले जाते. मुलाने मिचकावलेल्या डोळ्याचीही वेगळी कथा आहे: समोर मुलगी बसलेली असेल तर 'डोळा मारला' म्हणून मार, आणि मग गावकीचे भांडण.

परीक्षेचा हंगाम आला की कहर होतो. कॉपीमुक्त अभियान जोरात, भरारी पथक दारात आणि या पोराची मान दर मिनिटाला शेजाऱ्याच्या पेपरकडे झटकते! पर्यवेक्षकाला काय दिसणार? कॉपी. त्याचा आवाज निघाला की खोलीतली सगळी डोकी वर होतात आणि त्या तणावाने आचके दुपटीने वाढतात. दहावीच्या पेपरात लिहिण्याच्या हाताला झटके बसणाऱ्या मुलाची तीन तासांत काय गत होत असेल, याचा विचार छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय मंडळात बसलेल्यांनी एकदा तरी करावा.

आता घराकडे वळू, कारण सगळा दोष गुरुजींच्या माथी मारून आमचा समाज सुटू पाहील. लेकराच्या तोंडून विचित्र आवाज निघाला की आमच्याकडे पहिली धाव कुठे जाते? देवऋषीकडे. 'बाहेरचं आहे', 'करणी केली', 'अंगात येतंय'. अमावास्येला उतारा, गंडे, दोरे, आणि तेवढ्याने भागले नाही तर मिरचीची धुरी आणि चाबूक. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाल्यावर या राज्याला जादूटोणाविरोधी कायदा सुचला! त्या कायद्याच्या अनुसूचीत पहिलेच कलम भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधणे, मारणे, धुरी देणे यांविषयी आहे आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. आचक्यांचे एक लक्षण या भोंदूंच्या पथ्यावर पडते: ते स्वभावतःच मधूनमधून ओसरतात. नेमके त्याच आठवड्यात दोरा बांधलेला असला की बाबाची कीर्ती पंचक्रोशीत आणि कोंबडे-बोकडांचा खर्च कर्जाच्या वहीत! एका महिन्याने आचके परत आले की 'तुमच्याच हातून काही चुकलं असेल' हे उत्तर तयारच.

कायदा आमच्या बाजूने किती उभा आहे, हे शाळांनी ऐकून घ्यावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने सहा ते चौदा वयाच्या मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. मोडणाऱ्यावर सेवानियमांखाली कारवाई व्हायची असते. छळात केवळ छडी येत नाही. वर्गासमोर नक्कल करणे आणि टोपणनाव ठेवणे हाही छळच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यांत टूरेटचे नाव लिहिलेले नाही आणि नेमक्या या फटीत आमची बाबूशाही मुटकुळे करून बसते: "यादीत नाही, प्रमाणपत्र नाही, सवलत नाही." अहो, त्याच अनुसूचीत दीर्घकालीन मज्जाविकारांचा प्रकार आहे आणि तिथे दिलेले आजार उदाहरणादाखल आहेत. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात चाळीस टक्क्यांच्या भिंतीला मोठे भगदाड पाडले. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराला लेखनिक नाकारला होता, कारण त्याचे अपंगत्व चाळीस टक्के भरत नव्हते. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितले की चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. वाजवी सोय मिळण्याचा हक्क त्या अटीवर अवलंबून नाही. परभणी जिल्ह्यातल्या किती शाळांच्या कार्यालयात हा निकाल पोहोचला? महाराष्ट्राने डिसेंबर 2022 मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला आणि देशात पहिला म्हणून पाठ थोपटून घेतली. त्या विभागाने या निकालाचे दोन पानी परिपत्रक सोप्या मराठीत काढले असते, तर पाठ थोपटण्यास आम्हीही हात लावला असता.

आरोग्य खात्याची गंमत आणखी वेगळी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी 2013 मध्ये आमच्याच राज्यात, पालघरला झाला. त्याची पथके वर्षातून एकदा शाळेत येतात, दात बघतात, डोळे बघतात, वजन घेतात. त्यांच्या तीस आजारांच्या यादीत फिट्स आहेत, स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, अतिचंचलता आहे, आचके नाहीत. डॉक्टर समोर उभे असताना लेकरू जीव खाऊन अंग आवरते आणि तपासणीच्या कार्डावर 'निरोगी' असा शेरा पडतो. पथकातल्या डॉक्टरांनी गुरुजींना एवढे एकच विचारावे: वर्गात कोणी सारखे डोळे मिचकावते का, मान झटकते का, आवाज काढते का? या प्रश्नाला एक रुपया खर्च नाही.

'हिचकी' हा चित्रपट 2018 मध्ये येऊन गेला. राणी मुखर्जीने त्यात टूरेट असलेली शिक्षिका उभी केली. कथा बेतलेली होती ब्रॅड कोहेन या अमेरिकन शिक्षकाच्या आत्मकथनावर, ज्याला लहानपणी शाळेत हेच सगळे भोगावे लागले होते. आम्ही तो पाहिला, डोळे पुसले आणि सोमवारी पुन्हा वर्गातल्या पोराला बाकावर उभे केले. टिम हॉवर्डची गोष्टही अशीच सांगितली जाते: 2014 च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध गोलामागून गोल अडवणारा अमेरिकेचा गोलरक्षक, टूरेट असलेला. ठीक आहे. पण सन्मान मिळवण्यासाठी प्रत्येक लेकराने टिम हॉवर्ड व्हायचे काय? ज्याला दहावीला बावन्न टक्के पडायचे आहेत, त्याला ते मार न खाता पडू द्या. आमची मागणी इतकीच आहे.

गुरुजी म्हणतील, "साठ पोरांचा वर्ग, मतदारयाद्या आमच्याकडे, पोषण आहाराचा हिशेब आमच्याकडे, त्यात हे आणखी?" त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे आणि सरकारने शिक्षकाला कारकून केले हे आम्ही वारंवार लिहू. परंतु या कामाला वेळ लागत नाही, उलट वाचतो. आचक्याकडे दुर्लक्ष करा, हा पहिला आणि सर्वांत मोठा उपाय आहे. 'थांब' म्हटले की तो वाढतो. लेकराला दाराजवळ, भिंतीकडेच्या बाकावर बसवा, म्हणजे सगळ्या वर्गाचे डोळे त्याच्या मानेवर राहणार नाहीत. अनावर झाले तर परवानगी न मागता पाच मिनिटे बाहेर जाऊन येण्याची खूण त्याच्याशी ठरवून ठेवा. लांबलचक लिहायला लावण्याऐवजी तोंडी विचारा. घटक चाचणीला वेगळी खोली द्या, थोडा जादा वेळ द्या. आणि त्याची व त्याच्या आईवडिलांची हरकत नसेल तर वर्गाला एकदा सरळ सांगून टाका की हे काय आहे. 'बाकीची पोरं नक्कल करतील, वर्ग बिघडेल' ही भीती आम्ही ऐकून आहोत. पोरे नक्कल करतात ती गुरुजी हसतात म्हणून. ज्या दिवशी गुरुजी हसायचे थांबतात, त्या दिवशी पोरांचीही गंमत संपते.

मुळात आमच्या शाळेने शिस्त म्हणजे निश्चलपणा अशी गाठ मारून ठेवली आहे. प्रार्थनेत हलू नका, प्रतिज्ञेत हलू नका, राष्ट्रगीतात तर पापणीही हलू नये. राष्ट्रगीताच्या मध्ये ज्याच्या घशातून आवाज निघाला, तो पोरगा देशद्रोही नाही हो! बावन्न सेकंद दम धरायचा प्रयत्न त्याने तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त केलेला असतो. वागण्यातली सभ्यता, दुसऱ्याच्या वस्तूला हात न लावणे, खोटे न बोलणे, ही शिस्त त्याला शिकवा, तो शिकेल. मान स्थिर ठेवायची शिस्त कोणाच्या बापाला त्याला शिकवता येणार नाही.

आईबापांनो, हा मजकूर कोणी वाचून दाखवत असेल तर तुम्हीही ऐका. वर्षाहून अधिक काळ अंगाचे आचके आणि आवाज दोन्ही दिसत असतील तर लेकराला परभणीला जिल्हा रुग्णालयात मानसोपचार किंवा बालरोग विभागात दाखवा. मानसोपचार या शब्दाला भिऊ नका. वेडाचा इथे काही संबंध नाही. पुष्कळ मुलांना औषध लागतच नाही. नीट समजावणे आणि आचक्याच्या जागी दुसरी हालचाल करायला शिकवणारी वर्तनोपचाराची पद्धत पुष्कळदा पुरते. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात 126 मुलांपैकी ज्यांना ही पद्धत शिकवली, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना स्पष्ट गुण आला. नुसत्या आधाराच्या गप्पा मिळालेल्यांत तो पाचातल्या एकालाही आला नाही. लागली तर औषधेही आहेत, ती डॉक्टर ठरवतील. आधी बोलायचे असेल तर टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर फुकट आणि मराठीत बोलता येते. देवऋषीला दिलेले पैसे परत मागू नका, निदान पुढचे देऊ नका.

जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला आमचे सांगणे आहे की सेलू आणि जिंतूर तालुक्यांतल्या केंद्रांवर भरणाऱ्या शिक्षण परिषदेत एक तास या विषयाला द्या. समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक गट साधन केंद्रात बसलेले आहेत, त्यांना बोलवा. परीक्षेच्या पर्यवेक्षकांना लेखी सूचना द्या की आचक्याला कॉपी समजू नये. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. त्यांनी पुढच्या बैठकीत छडी कोणाच्या हातात आहे हे विचारावे आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. यासाठी इमारत लागत नाही, निधी लागत नाही, मंत्र्याची तारीख लागत नाही. तयारीला वेळ हवा, असे कोणी म्हणेल. कलम 17 हे 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे.